हेरगिरीचा छंद, एक लिंबू आणि पेन कॅमेरा

मागच्या आठवड्यात ऑफिसमधल्या एकाने मोठ्या हौसेनं नवीन पेन कॅमेरा दाखवला, खिशाला अडकवला की समोरच्याला पत्ताच लागत नाही म्हणे, आणि वर मला म्हणतो तुम्हाला आवड आहे ना हेरगिरीची मग घ्या की तुम्हीपण एक. मी नाही म्हटलं. का नाही ते तिथं धड सांगता आलं नाही, म्हणून इथं लिहितेय.

हा नाद मला लेकीमुळे लागला. ती आणि तिची मैत्रीण च ची भाषा बोलायच्या, 'चलातु चळलंक चका?', आणि मला ओ की ठो कळायचं नाही. मग मीच तिला रोमच्या ज्युलियस सीझरची गुप्त चिठ्ठीची युक्ती शिकवली, प्रत्येक अक्षर तीन घरं पुढं ढकलायचं, क चा घ, ख चा ङ. काना-मात्रा आम्ही तशाच ठेवायचो, तिथंच फसायचो, कारण कुठलं अक्षर किती वेळा येतंय ते मोजलं आणि मात्रा बघितल्या की अर्धी चिठ्ठी उलगडते. हे मोजायचं तंत्र बगदादच्या अल-किंदी नावाच्या विद्वानानं नवव्या शतकात लिहून ठेवलंय, विचार करा!

पण माझं खरं प्रेम लिंबावर, म्हणजे लिंबाच्या न दिसणाऱ्या शाईवर. रस वाटीत घ्यायचा, काडीला थोडा कापूस गुंडाळून लिहायचं, पूर्ण वाळू द्यायचं आणि मग कागदावर गरम इस्त्री टेकवायची (मेणबत्ती नको, कागद पेटतो). रस लागलेली जागा बाकी कागदाच्या आधी करपते म्हणून अक्षरं तपकिरी होऊन हळूहळू वर येतात, पहिल्यांदा बघितलं तेव्हा अंगावर काटा आला. आणि पकडायचं कसं तेही शिकले, कागद दिव्यासमोर तिरपा धरायचा, रस वाळलेल्या जागी कागद किंचित आकसलेला दिसतो. पहिल्या महायुद्धात लंडनमधे कार्ल म्युलर नावाचा जर्मन हेर असाच सापडला, साध्या पत्राच्या ओळींमधे लिंबाच्या रसानं लिहिलेला मजकूर होता. त्याच्याकडचं लिंबूच पुरावा झालं, जून 1915 मधे टॉवर ऑफ लंडनमधे त्याला गोळ्या घातल्या. ते लिंबू काळं ठिक्कर पडलंय, पण ब्रिटिशांनी अजून जपून ठेवलंय. एका लिंबापायी माणसाचा जीव गेला, हे मला इस्त्री हातात घेतली की दरवेळी आठवतं.

आमच्याकडं बानूरगडावर शिवाजी महाराजांचे हेर बहिर्जी नाईक यांची समाधी आहे, तिथं गेले की हेच मनात येतं, 1664 च्या सुरतेच्या स्वारीआधी म्हणे शहराची खडानखडा माहिती त्यांनी आणली होती, ती डोळ्यांनी, कानांनी आणि वेषांतरानं. आणि गोंधळ्यांची करपल्लवी कोणी बघितलीय का? माहेरच्या गोंधळात बघितली मी, एकानं पाहुण्याचं नाव कानात ऐकून घेतलं, नुसती बोटं हलवली आणि लांब उभ्या दुसऱ्यानं ते नाव खणखणीत सांगितलं. शिकायचं तर हे शिका ना!

पेन कॅमेऱ्यात शिकण्यासारखं काय आहे? बटण दाबायचं. आणि समोरचा माणूस बेसावध, त्याला विचारलेलं नाही, याची मला चीड येते. कुणाचे खाजगी अवयव चोरून टिपणं किंवा पसरवणं हा तर आयटी कायद्याच्या 66ई कलमाखाली गुन्हाच आहे, 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 2 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण कायदा सोडा, लग्नात, मीटिंगमधे, घरात गुपचूप रेकॉर्डिंग करणं हा माझ्या लेखी छंद नाहीच. तसंच सरावाच्या नावाखाली रस्त्यावरच्या अनोळखी माणसाचा पाठलाग करणं, हे तर करूच नका. एखाद्या एकट्या चाललेल्या मुलीला मागं कोणी आहे असं वाटलं तर तिच्या जिवाचं काय होत असेल?

त्यापेक्षा ताटात वीस वस्तू ठेवा, मिनिटभर बघा, झाका आणि लिहा. मला पहिल्यांदा नऊ आठवल्या होत्या, आता सतरापर्यंत जाते. हॉटेलच्या खोलीत गेले की छुपा कॅमेरा नाही ना म्हणून स्मोक डिटेक्टर आणि चार्जर आधी निरखते, हे बाकी सगळ्या बायकांनी शिकावं असं मला मनापासून वाटतं.

पुढं मोडी शिकायचीय. गुप्त लिपी नाही ती, माहितीय, पण लेक आणि मी चिठ्ठ्या लिहिल्या तर घरात तिसऱ्याला वाचता येणार नाही. सांगली-मिरज भागात कोणी शिकवत असेल तर कमेंटमधे सांगा, रविवार सकाळ चालेल.