यादी पोलिसांकडे असावी, चौकात नसावी : सिंहगड रस्त्यावरील ताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार ताई,

आपली प्रतिक्रिया मी दोनतीनदा वाचली. तिला दोन ओळींत उत्तर देणे योग्य होणार नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे. मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अमेरिकेत लैंगिक गुन्ह्यांसाठी शिक्षा झालेल्यांची नावे, छायाचित्रे आणि पत्ते सर्वांना पाहता येतील अशा याद्या आहेत. त्या मर्यादित कराव्यात, या तिथल्या मागणीचे मी समर्थन केले होते. आपल्याकडे २० सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झालेली आणि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे असलेली अशीच यादी फक्त पोलीस आणि तपासयंत्रणांना पाहता येते. ती तशीच राहावी, असेही मी म्हटले होते. त्यावर आपण लिहिलेत : "मला आठ वर्षांची मुलगी आहे. आमच्या इमारतीत दर अकरा महिन्यांनी भाडेकरू बदलतात. शेजारी कोण राहायला आले आहे हे जाणून घेण्याचा मला हक्क नाही का? तुम्हाला गुन्हेगारांच्या बायकामुलांची काळजी आहे, आमच्या मुलींची नाही. तुमच्या मुलीवर वेळ आली असती तर तुम्ही असे लिहिले असते का?"

आपल्या बाजूचे सर्वांत भक्कम उदाहरण आधी मीच मांडते, कारण माझ्या लेखात ते यायला हवे होते आणि आले नाही. जुलै १९९४ मध्ये न्यू जर्सी राज्यात मेगन कांका या सात वर्षांच्या मुलीवर अत्याचार करून तिचा खून करणारा माणूस तिच्या घरासमोरच राहत होता. लहान मुलींवरील अत्याचारांबद्दल त्याला आधी शिक्षा झालेली होती आणि मेगनच्या आईवडिलांना त्याची कल्पना नव्हती. अशी माहिती लोकांपर्यंत पोहोचवणे सर्व राज्यांना बंधनकारक करणारा १९९६चा कायदा त्या घटनेतून आला आणि तो मेगनच्याच नावाने ओळखला जातो. आपली भीती हीच आहे आणि ती खोटी नाही. तिला हसण्यावारी नेणारा कोणीही या विषयावर बोलण्यास पात्र नाही.

परंतु त्या कायद्याने पुढे काय साधले, हेही पाहायला हवे. न्यू जर्सीतच झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जाहीर यादीमुळे लैंगिक गुन्ह्यांची पुनरावृत्ती किंवा पीडितांची संख्या घटल्याचे दिसले नाही. २०११ साली प्रेस्कॉट आणि रॉकॉफ या दोन अभ्यासकांनी अनेक राज्यांची आकडेवारी तपासली, आणि त्यांचे निष्कर्ष मला अधिक महत्त्वाचे वाटतात, कारण ते ना पूर्णपणे माझ्या बाजूचे आहेत ना आपल्या. पोलिसांकडे नोंद असल्याने गुन्हे कमी होतात, विशेषतः जिथे गुन्हेगार आणि पीडित एकमेकांना ओळखतात तिथे, असे त्यांना आढळले. तीच नोंद चव्हाट्यावर आणली की ज्यांनी अजून गुन्हा केलेला नाही त्यांना काही प्रमाणात धाक बसतो, पण ज्यांचे नाव यादीत आहे त्यांच्या हातून पुन्हा गुन्हा घडण्याची शक्यता वाढते. ज्याला भाड्याने घर मिळत नाही, ज्याला कोणी कामावर ठेवत नाही आणि ज्याच्याशी बोलायला कोणी उरत नाही, त्याच्याजवळ सरळ राहून राखण्यासारखे फार थोडे शिल्लक राहते.

घराचाच प्रश्न घ्या. फ्लोरिडातील मायामी परिसरात नोंद झालेल्या माणसाला शाळांपासून २,५०० फुटांच्या आत राहता येणार नाही असा नियम झाला, आणि पाहता पाहता शंभराहून अधिक माणसे खाडीवरील एका पुलाखाली तंबू ठोकून राहू लागली. २,५०० फूट म्हणजे सुमारे साडेसातशे मीटर. पुण्यातल्या नूमवि, हुजूरपागा आणि रेणुका स्वरूप या तीनच शाळांभोवती नकाशावर तेवढ्या त्रिज्येची वर्तुळे काढून पाहा, शहराच्या मध्यवस्तीत राहायला किती जागा उरते ते दिसेल. अशा माणसाचा पत्ता पोलिसांना ठाऊक असणे आपल्या मुलीच्या दृष्टीने बरे, की तो पुलाखाली कुठेतरी असणे बरे?

आता मूळ मुद्द्याकडे येते. आपल्या मनात जो माणूस आहे तो अनोळखी भाडेकरू आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे सांगत आले आहेत की बलात्काराच्या नोंदवलेल्या प्रकरणांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो : नातेवाईक, शेजारी, घरी येणारा-जाणारा, लग्नाचे वचन देणारा. यांतील बहुतेकांची नावे त्या दिवसापर्यंत कोणत्याही यादीत नसतात. अनोळखी चेहऱ्यांची यादी हातात आली की आपली नजर जिन्याकडे लागते, आणि घरातल्या माणसाकडे पाहायचे राहून जाते.

शिवाजीनगरच्या न्यायालयात मी बावीस वर्षे वकिली केली आणि त्यांतील बराच काळ पीडित मुलींच्या आयांसोबत बसण्यात गेला. त्यांपैकी एकीची गोष्ट, ओळख पटणार नाही अशा बेताने, सांगते. तिच्या मुलीला त्रास देणारा तिचा सख्खा दीर होता. ती आली तेव्हा शिक्षा किती होईल हे तिने विचारले नाही. तिचा पहिला प्रश्न होता, "त्यांचं नाव कुठे छापून येणार नाही ना?" मला आधी वाटले की ती दिराला वाचवू पाहते आहे. मग ती म्हणाली, "त्यांचं आणि आमचं आडनाव एकच आहे हो. वाडा एकच आहे. त्यांचं नाव आलं की लोकांना पोरीचं नाव आपोआप कळणार." पीडितेची ओळख उघड होऊ नये यासाठी अठरा वर्षांखालील मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांसाठीच्या पॉक्सो कायद्याचे कलम २३ आहे, भारतीय न्याय संहितेचे कलम ७२ आहे. गुन्हेगाराचे छायाचित्र पत्त्यासह कायमचे जाहीर करणारी यादी ही दोन्ही कलमे अशा प्रत्येक प्रकरणात मागच्या दाराने मोडते. तशी यादी त्या वेळी असती तर ती आई माझ्यापर्यंत आली असती असे मला वाटत नाही, आणि तो दीर आजही त्याच वाड्यात असता. 'आमच्या मुली' असे आपण लिहिलेत, ताई, त्यांत ही मुलगीही आहे.

कुटुंबांविषयी आपण जे लिहिलेत त्याने मला दुःख झाले. 'त्यांना सगळे माहीत असते, मग भोगू देत,' असे आपले म्हणणे. अनेकदा तक्रार करणारी व्यक्तीच त्या घरातली असते, हे वरच्या उदाहरणात आलेच. ज्यांना खरोखर काही ठाऊक नव्हते, त्यांचे काय? अमेरिकेत लेव्हन्सन आणि ट्यूक्सबरी यांनी नोंद झालेल्यांच्या ५८४ कुटुंबीयांकडून माहिती घेतली. सर्वांत मोठी अडचण त्या माणसाला काम न मिळण्याची आणि त्यातून घरावर येणाऱ्या ओढगस्तीची होती. एका घरात राहणाऱ्यांना शेजाऱ्यांच्या धमक्या अधिक सोसाव्या लागत आणि मुलांना इतर मुले चिडवत, टाळत. त्या मुलांनी कोणता गुन्हा केला होता?

हे दूर देशातले वाटत असेल तर बदलापूर आठवा. २०२४च्या ऑगस्टमधील त्या प्रकरणाने आपण सगळेच हादरलो होतो आणि मीही रागाने रात्रभर जागी होते. सप्टेंबरमध्ये आरोपी पोलिसांच्या गोळीने मारला गेला, तेव्हा त्याचा खटला चाललाही नव्हता. त्यानंतर त्याच्या आईवडिलांना मुलाचे प्रेत पुरायला जागा मिळेना. जिथे विचारावे तिथे विरोध होत होता, त्यांना उच्च न्यायालयात जावे लागले, आणि अखेर पोलिसांच्या बंदोबस्तात उल्हासनगरला दफन झाले. पत्त्यासह कोणतीही जाहीर यादी नसताना एवढे घडले. ती असती आणि प्रत्येक इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत असती, तर काय घडले असते याची कल्पना मला करवत नाही. अमेरिकेत मेन राज्यात एप्रिल २००६ मध्ये एका तरुणाने सरकारी संकेतस्थळावरून पत्ते काढले आणि यादीतील दोघांना त्यांच्या घरी जाऊन गोळ्या घातल्या. त्यांतील एकाचा गुन्हा असा होता की एकोणिसाव्या वर्षी त्याचे आपल्या मैत्रिणीशी संबंध आले होते आणि तिला सोळावे वर्ष पूर्ण व्हायला थोडे दिवस बाकी होते.

महाराष्ट्राला तर याद्यांचा फार जुना अनुभव आहे. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसांची नावे वहीत चढली, हजेऱ्या सुरू झाल्या, सोलापूरला तारेच्या कुंपणाआड वसाहत उभी राहिली. १९५२ साली तो कायदा रद्द झाला, पण गावात चोरी झाली की पोलीस आधी पारध्यांच्या पालावर जातात, हे आजही थांबलेले नाही. त्या जमातींना जन्मामुळे नोंदवले गेले आणि इथे न्यायालयाने दोषी ठरवलेल्यांची नोंद होते, हा मोठा फरक आहे आणि तो मी नाकारत नाही. मात्र बापाच्या नोंदीचा डाग लेकराला लागतो तो कसा, हे आपल्या मातीने पाहिलेले आहे.

यादीत कोण येते, हाही प्रश्न आहेच. आपल्याकडे पॉक्सोखाली दोषी ठरलेल्यांचा त्यात समावेश होतो. आसाम, महाराष्ट्र आणि पश्चिम बंगालमधील २०१६ ते २०२० या काळातील सात हजारांहून अधिक निकाल 'एनफोल्ड' या संस्थेने तपासले, तेव्हा त्यांतील २४.३ टक्के प्रकरणे प्रेमसंबंधांची निघाली. मुलीने साक्ष फिरवल्याने त्यांतील बहुतेक मुले सुटतात, पण जो सुटत नाही त्याची नोंद आणि लहान मुलीवर अत्याचार करणाऱ्या नराधमाची नोंद एकाच वहीत होते. अमेरिकेत २००६च्या कायद्याने काही गुन्ह्यांसाठी चौदा वर्षांची मुलेही नोंदीच्या कक्षेत आणली. आता इतरत्र पावले मागे घेतली जात आहेत. कॅलिफोर्नियाने १९४७पासून चालत आलेली सरसकट आजन्म नोंद २०२१पासून दहा वर्षे, वीस वर्षे आणि आजन्म अशी विभागली. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सरसकट सक्तीची नोंद घटनाबाह्य ठरवली.

'तुमच्या मुलीवर वेळ आली असती तर' या प्रश्नाचे उत्तर माझ्या मनावर विसंबून देणे मला जमणार नाही. ज्या आईवर ती वेळ आली तिचे सांगते. पॅटी वेटरलिंग यांच्या अकरा वर्षांच्या जेकबला १९८९ साली मिनेसोटात पळवून नेले गेले. नोंदींचा पहिला राष्ट्रीय कायदा १९९४ साली झाला तो त्यांच्याच धडपडीतून, आणि जेकबच्या नावाने. त्या वहीचा उपयोग पोलिसांनी करावा, अशी त्यांची अपेक्षा होती. पुढे याद्या फुगत गेल्या, किशोरवयीन मुले त्यांत आली, तेव्हा हे फार दूर गेले असे त्यांनी उघडपणे सांगितले. २०१६ साली जेकबचे अवशेष सापडले आणि मारेकऱ्याने कबुली दिली. १९८९ साली त्याला कोणत्याही लैंगिक गुन्ह्याबद्दल शिक्षा झालेली नव्हती.

एका बाबतीत मात्र आपल्या प्रतिक्रियेने माझे मत बदलले, आणि ते मी इथे नोंदवते. विशिष्ट माणूस आपल्या मुलीच्या सान्निध्यात येत असेल, तर त्याच्याविषयी विचारण्याची सोय आईला हवी, हे आपले म्हणणे मला मान्य आहे. इंग्लंडमध्ये तशी पद्धत आहे. सारा पेन या आठ वर्षांच्या मुलीच्या खुनानंतर तिच्या आईने दिलेल्या लढ्यातून २००८ साली ती काही भागांत सुरू झाली आणि २०११पर्यंत इंग्लंड-वेल्समध्ये सर्वत्र लागू झाली. पालक पोलिसांकडे अर्ज करतात, पोलीस चौकशी करतात, धोका दिसला तर मुलाचे रक्षण करू शकेल त्याच व्यक्तीला विश्वासात घेऊन सांगतात, आणि ती माहिती इतरांना सांगण्यास मनाई असते. माझ्या लेखात 'यादी बंदच राहावी' एवढेच होते. त्यात ही खिडकी असायला हवी होती, आणि मी तो परिच्छेद दुरुस्त करते आहे.

आपल्या इमारतीपुरते सांगायचे तर पुण्यात भाडेकरूची माहिती पोलिसांना देणे घरमालकावर बंधनकारक आहे. शेजारच्या फ्लॅटच्या मालकांनी ती दिली आहे का, हे सोसायटीच्या सचिवांना लेखी विचारा. शाळेच्या बसचे चालक, मदतनीस, शिकवणीचे शिक्षक यांची चारित्र्य पडताळणी झाली आहे का, हेही शाळेला आणि शिकवणीवर्गाला विचारा. ज्या यादीची आपण मागणी करता ती पोलिसांकडे आहेच, पण पडताळणीचा अर्ज ठाण्यापर्यंत गेलाच नाही तर ती उघडली जाणार नाही. सचिवांनी टाळाटाळ केली तर मला कळवा. पत्राचा मसुदा मी करून देईन, आणि गरज पडली तर ठाण्यात आपल्यासोबत येईन.