नानांच्या प्रतिक्रियेला उत्तर : ताई नापास कशी?

नाना,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, आज सकाळी पुन्हा वाचली. चोपड्याच्या माझ्या ताईच्या लठ्ठपणाच्या ऑपरेशनवर मी लिहिलं होतं, त्यावर तुमचे आक्षेप दोन. एक, मी ३६ किलो उतरल्याचं लिहिलं, पण १२८ वरून आज ९७ म्हणजे ३१च होतात. दुसरा, जादा वजनातलं निम्मं तरी जायला हवं हा डॉक्टरांचाच नियम, त्यात ताई नापास होते आणि ते झाकायला मी सोयीचं गणित मांडलं.

पहिला आक्षेप खरा आहे. दीड वर्षात ती ९२ वर आली होती, ते ३६ किलो. पुढच्या अडीच वर्षांत पाच परत चढले. मी सगळ्यात कमी भरलेलं वजन धरलं, तसं करायला नको होतं. लेखात आज दुरुस्ती केली आहे. असं चढणं बहुतेकांचं होतं. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासात बायपास (जठराची लहान पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडायचं ऑपरेशन) केलेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरलं आणि दहा वर्षांनी २५ टक्क्यांवर राहिलं. ताईची स्लीव्ह आहे, म्हणजे जठराचा मोठा भाग कापून नळीएवढं ठेवलेलं, पण चढ-उताराची रीत तीच.

दुसऱ्या आक्षेपावर मात्र मी मागे हटणार नाही. जादा वजन म्हणजे ऑपरेशनआधीच्या वजनातून आदर्श वजन वजा करून उरतं ते. हे आदर्श वजन पूर्वी अमेरिकेतल्या मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीच्या तक्त्यांवरून घेत, आता बहुतेक जण बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २५ धरून काढतात. ताईची उंची १५५ सेंटिमीटर. आदर्श ६०, जादा ६८, त्यातले ३१ गेले, म्हणजे ४६ टक्के. तुमचा आकडा बरोबर आहे. पण भारतीयांसाठी सांगतात ती २३ची रेघ धरली, तर तीच ताई, तोच काटा, आणि टक्के होतात ४३.

आता तुम्हीच लिहिलेला तुमचा भाचा घ्या. उंची १७०, १०४ वरून ८२. त्याचं जादा वजनच ३२, त्यातले २२ गेले, ६९ टक्के, पास. पण दोघांच्या मूळ वजनातला किती वाटा गेला ते काढा. भाच्याचा २१ टक्के, ताईचा २४. जिच्या अंगावरून जास्त वाटा उतरला ती नापास आणि ज्याच्या अंगावरून कमी उतरला तो पास! सुरुवातीलाच कमी जाड असलेल्याला हे माप झुकतं देतं. निम्म्याचा नियम १९८०च्या दशकातला आहे. आता सर्जन मंडळी मूळ वजनाच्या टक्केवारीकडे वळली आहेत आणि २० टक्के ही रेघ धरतात. त्या रेघेवर भाचा पास आहे आणि ताईही. भाच्याचं मला मनापासून कौतुक आहे.

साखरेचंही सांगतो, कारण तिथेही मी मोघम लिहिलं होतं. ताईचं इन्सुलिन सुटलं, पण एक गोळी चालू आहे. औषध पूर्ण बंद होऊन तीन महिने एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी चाचणी) ६.५ च्या खाली राहिलं तरच मधुमेह मागे हटला म्हणतात. ताईचं तसं झालेलं नाही. झोपेत श्वास अडकायचा, तो आता अडकत नाही. आणि यंदा आखाजीला ती चुलीपुढे जमिनीवर बसून खापरावर मांडे भाजत होती. सात-आठ वर्षांत तिला खाली बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

एवढं का भांडतोय तेही सांगतो. पहिल्या वर्षी लग्नात बाया म्हणायच्या, "माय वं, कितली वाळी गयी!" चौथ्या वर्षी त्याच म्हणाल्या, "परत फुगली." त्यानंतर ताईनं तपासणीला जाणं बंद केलं. वजनाचा काटा नको म्हणून रक्ताच्या चाचण्याही राहिल्या, आणि या ऑपरेशननंतर बी-१२, लोह, ड जीवनसत्त्व यांवर जन्मभर नजर ठेवावी लागते. आठ महिन्यांनी चाचणी केली तेव्हा हिमोग्लोबिन ९ वर आलेलं. तुमचा "नापास" हा शब्द तिनंही वाचलाय, नाना.

पुढच्या मंगळवारी तिला तपासणीसाठी जळगावला नेतोय. भाच्याचं बी-१२ शेवटचं कधी तपासलं, तेवढं विचारून घ्या.