पहिला पेशंट तालुक्यालाच येणार आहे

आपल्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात साथीच्या तयारीचं मॉक ड्रिल झालं, त्याचे फोटो दुपारपासून ग्रुपवर फिरतायत. पांढरे पीपीई किट, रांगेत उभा स्टाफ, खाली "आमचा तालुका सज्ज". आणि आपलीच माणसं त्यावर अंगठे देतायत. संताप आलाय, म्हणून सविस्तर लिहितोय.

किट घालतानाचे वीस फोटो आहेत. काढतानाचा एक नाही. मी तिथे होतो. साहेबांची गाडी गेटबाहेर वळली तशी वॉर्डातल्या मावशींनी "लई उकडायलंय ओ" म्हणत ग्लोव्ह्जच्याच हाताने आधी मास्क खाली ओढला आणि त्याच हाताने तोंडावरचा घाम पुसला. कुणी टोकलं नाही. त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. खरी साथ असती तर लागण तिथेच झाली असती.

किट काढायचा क्रम साधा आहे. वरचे ग्लोव्ह्ज आधी. मग चेन उघडून किट खांद्यापासून खाली गुंडाळायचं, आतली बाजू बाहेर येईल असं. गॉगल मागच्या पट्ट्याने. मास्क सगळ्यात शेवटी, खोलीबाहेर आल्यावर, आधी खालची दोरी, मग वरची, पुढच्या भागाला हात न लावता. प्रत्येक पायरीला हात स्वच्छ. समोर एक जण पायऱ्या मोठ्याने वाचणारा हवा, कारण दोन तास किटमध्ये घामाने भिजलेल्या माणसाला क्रम आठवत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली तर मुळीच नाही.

"असले आजार इकडे येत नाहीत" म्हणणाऱ्यांसाठी: 1994 ला प्लेग आला तो बीड जिल्ह्यातल्या मामला गावात, सुरतच्या आधी. 2011 ला गुजरातेत काँगो तापाने पेशंटपाठोपाठ उपचार करणारे डॉक्टर आणि नर्सही गेले. तो ताप गोचिडांतून आणि जनावरांच्या रक्तातून येतो, आणि गोठा आपल्या घराला लागून असतो. 2018 ला केरळात निपाह आला तेव्हा पेरांब्राच्या तालुका रुग्णालयातली नर्स दगावली; त्या साथीत बहुतेकांना लागण दवाखान्यातच झाली. म्हणजे पहिला पेशंट संभाजीनगरच्या घाटीला किंवा नांदेडच्या विष्णुपुरीला, मोठ्या सरकारी रुग्णालयात, जात नाही. तो आपल्या केसपेपरच्या खिडकीपुढे, गरोदर बायका आणि लेकरांच्या रांगेत उभा राहतो.

त्याला रांगेतून बाहेर काढायला कोटीचं यंत्र लागत नाही. गेटच्या आत, इमारतीच्या बाहेर एक टेबल. ताप आहे का, सोबत खोकला, रक्तस्राव, झटके, भ्रम? गोचीड चावली का, मेलेल्या जनावराला हात लावला का, बाहेरून कुठून आलात? एकाला जरी हो आलं तर मास्क देऊन बाजूच्या दाराने वेगळ्या खोलीत. त्या खोलीत कूलर नको, तो हवा आत ढकलतो आणि ती दारातून बोळात येते. समोरच्या भिंतीला बाहेर फेकणारा एक्झॉस्ट आणि दार बंद.

आता ऑक्सिजन. जंबो सिलिंडरमध्ये साधारण 7000 लिटर, छोट्या बी टाइपमध्ये 1500. मिनिटाला 10 लिटर लावले तर छोटा अडीच तास, 15 लावले तर 100 मिनिटं. किनवटहून नांदेडला ॲम्ब्युलन्स किती वेळात पोहोचते ते तुम्हीच सांगा. सोबत दुसरा भरलेला सिलिंडर हवा, आणि चावी त्याच्या गळ्यात साखळीने बांधलेली. चावी स्टोअरच्या कुलपात आणि स्टोअरकीपर रजेवर, हे मी पाहिलंय.

कोरोनात बसवलेले, हवेतून ऑक्सिजन काढणारे पीएसए प्लांट कित्येक ठिकाणी बंद पडून आहेत. त्यातला झिओलाइट हवेतला नायट्रोजन धरून ठेवतो आणि ऑक्सिजन पुढे सोडतो. पण ओल आणि कॉम्प्रेसरचं तेल लागलं की तो निकामी होतो. म्हणून प्लांट ठरलेल्या दिवशी चालवायचा, ड्रायर आणि फिल्टर बघायचे, शुद्धता 93 टक्क्यांच्या आसपास येते का ते मीटरवर वाचून वहीत लिहायचं. जनरेटर त्याचा लोड घेतो का, हेही लाइट घालवून एकदा बघायचं.

मान्य, डॉक्टरांच्या जागा रिकाम्या आहेत आणि तालुक्याच्या हातात भरती नाही. पण ब्लीचिंगला भरती लागत नाही!

एक लिटर पाण्यात साधारण 30 ग्रॅम ताजी पावडर, म्हणजे एक टक्क्याचं द्रावण. रोज नवं. उघड्या पोत्यातल्या पावडरीतला क्लोरीन उडून जातो, नुसता चुना उरतो. रक्त सांडलं तर आधी कापडाने झाका, वर द्रावण ओता, किमान 10 मिनिटं थांबा, मग पुसा. आणि संडासाचं ॲसिड त्यात कधीही नाही, विषारी वायू सुटतो. हे मावशींना कुणी सांगितलंय? वॉर्ड तर त्याच पुसतात. हात धुवायला नळाला पाणी नसतं तेव्हा टँकरची वाटही त्याच बघतात. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं, साथ उन्हाळ्यातच आली तर काय?

मावशींवर माझा काडीचाही राग नाही. कंत्राटी पगार, तोही महिनोन् महिने थकलेला, आणि तरी ड्रिलला सगळ्यात आधी त्याच आल्या होत्या. साथ आली तर पेशंटच्या सगळ्यात जवळ त्याच असतील. त्यांचा विमा आहे का, त्यांच्या मापाचे मास्क आहेत का, ड्यूटीनंतर घरी लेकरांजवळ जायच्या आधी अंघोळीला जागा आहे का, हे विचारायची आपल्यालाही आजवर गरज वाटली नाही.

रुग्ण कल्याण समितीवर आपल्यातले तिघे-चौघे आहेत. पुढच्या बैठकीत एवढंच मांडा: पुढचं ड्रिल न सांगता, रात्री दोनला, एक सिस्टर आणि एक मावशी ड्यूटीवर असताना. साहेब नकोत, कॅमेरा नको. पेशंट दारात आल्यापासून किट दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जाईपर्यंत सगळं, घड्याळ लावून. जिथे अडलं ते लिहून काढा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा घ्या. मी यायला तयार आहे, पायऱ्या वाचायचं काम माझ्याकडे द्या.