कॉन्स्टिट्यूशन कसं आहे तुमचं?

गेल्या आठवड्यात आईला होमिओपॅथीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. पाऊण तास नुसते प्रश्न. थंडी सोसते का, गोड आवडतं का, राग आला की काय करता. मग म्हणाले, "आता तुमचं कॉन्स्टिट्यूशनल औषध काढतो." बाबा निवृत्त वकील, गप्प कसले बसतात! "कितव्या कलमाखाली?"

हसून झालं, पण शब्द डोक्यात राहिला. मूळ लॅटिन क्रियापद म्हणजे उभं करणं, बसवणं, ठरवून देणं. रोमन सम्राटांचे हुकूम हेही कॉन्स्टिट्यूशनच. कॅराकॅलाने इ.स. 212 मध्ये साम्राज्यातल्या बहुतेक सगळ्या स्वतंत्र रहिवाशांना नागरिकत्व दिलं, ते अशाच एका हुकमाने. इंग्रजीत पुढे हाच शब्द देहाच्या ठेवणीला लागला आणि देशाच्याही. एकोणिसाव्या शतकातला साहेब तर तब्येतीसाठी पाय मोकळे करायला निघाला की त्या फेरफटक्यालाच 'कॉन्स्टिट्यूशनल' म्हणायचा! ताप, वजन उतरणं, रात्री घाम येणं यांना डॉक्टर आजही कॉन्स्टिट्यूशनल लक्षणं म्हणतात. एका अवयवाची नाही, अख्ख्या शरीराची तक्रार.

आपल्याला याचं नवल वाटायला नको. आपण भेटल्यावर 'प्रकृती कशी आहे?' विचारतो, वैद्य वात-पित्त-कफावरून प्रकृती ठरवतात. आणि कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राज्याच्याही प्रकृती आहेत, सात: स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड, मित्र. देह आणि राज्य एकाच शब्दात! मराठीने यातलं अर्धं वाटेत सांडलं. प्रकृती दवाखान्यात राहिली, राज्याच्या वाट्याला 'घटना' आली. मला हा शब्द कधीच पटला नाही. 'घट्' म्हणजे जुळवणं, रचणं, हे मान्य. पण पेपरात घटना म्हणजे चोरी, अपघात, 'पोलीस घटनास्थळी दाखल'. त्यापेक्षा संविधान कितीतरी बरं.

बाबांना हे ऐकवलं. ते अर्थातच घटनेच्या बाजूचे. म्हणाले, "अगं, मग घटनादुरुस्तीचं काय करशील? तंदुरुस्तीतला दुरुस्त तोच." खरंच की! फारसीत तन म्हणजे शरीर. ते दुरुस्त, म्हणून तंदुरुस्त.

मी म्हटलं, 1951 पासून 2023 पर्यंत 106 दुरुस्त्या झाल्या, एवढी औषधं घेणाऱ्याची प्रकृती कशी म्हणायची?

"तुझ्या आईच्या साबुदाण्याच्या गोळ्या मोज आधी," म्हणाले आणि फिरायला निघून गेले.