रंगाआधी चाकं बघा

मॉडेल रेल्वेसाठी छोटं डिझेल इंजिन निवडताना आधी रंगकाम आणि बारीक कलाकुसर पाहावी, हा एका लेखातला सल्ला मला पटला नाही. रंग कपाटातही शोभतो, लेआउटवर, म्हणजे मांडलेल्या रुळांवर, इंजिन नीट चालायला हवं.

दुकानात ते अगदी मंद वेगात, दोन्ही दिशांना चालवून घ्या. धक्के खात असेल किंवा गुरगुरत असेल, तर दुसरं बघा. वीज सगळ्या चाकांतून घेतली जाते का आणि पुढच्या-मागच्या दोन्ही बोगींना (इंजिनाखालच्या चाकांच्या गाड्यांना) गियर आहेत का, हे आवर्जून विचारा. स्वस्त इंजिनांत बहुधा एकच बोगी ओढते आणि पकडीसाठी काही चाकांना रबरी कडी असते. त्या चाकांतून वीज येत नाही, मग पॉइंटवर (रूळ बदलण्याच्या सांध्यावर) इंजिन थबकतं. मोटरला जड फ्लायव्हील (फिरतं राहणारं चाक) असेल तर विजेतला तेवढा खंड निभावतो. आमच्या इंदूरच्या उन्हाळ्यात रुळांवर सतत धूळ बसते, त्यामुळे इथे तर सगळ्या चाकांतून वीज घेणाऱ्या इंजिनाला पर्याय नाही.

वळणाचं थोडक्यात: एचओ मापात (खऱ्याच्या १:८७) १८ इंची त्रिज्येवर सहा ॲक्सलचं (चाकांच्या सहा जोड्यांचं) लांब इंजिन अडखळू शकतं, २२-२४ इंच बरे. तेवढी जागा नसेल तर चार ॲक्सलचं घ्या.

इंदूरजवळच्या पाताळपाणीच्या घाटात वायडीएम-४ हे डिझेल इंजिन बघत वाढलेल्यांना तेच हवं असतं, मलाही. पण ते मीटरगेजचं, म्हणजे एचओत दोन रुळांमधलं अंतर १२ मिमी. नेहमीच्या १६.५ मिमी रुळावर त्याचं प्रमाण डोळ्यांना खटकतं.

आणि सुटे गियर मिळतात का, तेही आधीच विचारून ठेवा.