‘धन्य आहे’ या दोन शब्दांबद्दल

ताई (नाव दिलेलं नाहीत, पण मला ‘काका’ म्हटलंत म्हणून ताई धरून चालतो),

भाजी निवडणाऱ्या हिच्या चित्रांवरची तुमची प्रतिक्रिया वाचली. दोनदा वाचली. रंग मळकट आहेत, विषय तेच तेच, तिसऱ्या चित्रातलं पातेलं कलंडलंय, वहिनींना विचारलं होतं का, आणि शेवटी, जसंच्या तसं देतो : ‘बायको राबतेय आणि तुम्ही समोर बसून तिची चित्रं काढताय, याला कला म्हणत असाल तर धन्य आहे.’

धन्य आहे! टीका करा हो, टीका हवीच. पण हे दोन शब्द टंकताना तुमच्या चेहऱ्यावर जे हसू होतं ते मला इथून दिसलं. ३१ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांना कितीतरी मुलं बसवली. माणसाला सहा बोटं काढणाऱ्यालाही कधी ‘धन्य आहे’ म्हणालो नाही. (‘गाढवा’ म्हणालो असेन. त्यात आपुलकी असते.)

बरं, ‘समोर बसून’ हे कशावरून ठरवलंत? ग्रेड परीक्षेत स्मरणचित्र नावाचा विषय असतो. पाहिलेलं मनात ठेवायचं, मग कागदावर उतरवायचं. मी हिच्यासमोर बसतो फार तर पाच मिनिटं. मान किती वाकली, चष्मा नाकावर कुठवर घसरला, उजेड कुठून येतोय, एवढं जुन्या हिशेबाच्या वहीत पेन्सिलीने टिपतो. बाकीचं रात्री, ती झोपल्यावर. दहा मिनिटं म्हणा हवं तर.

फ्रेंच चित्रकार पिएर बोनार असंच करायचा. डायरीत पेन्सिलीचं टिपण, रंगकाम नंतर आठवणीतून. मार्त त्याला १८९३ मध्ये भेटली, लग्न १९२५ मध्ये झालं, आणि आयुष्यभर तो तिला रंगवत राहिला : जेवणाच्या टेबलाशी, आरशापुढे, आंघोळीच्या टबात. १९४२ च्या जानेवारीत ती गेली. टबातलं तिचं शेवटचं मोठं चित्र तो १९४६ पर्यंत रंगवत होता. सत्तरी ओलांडलेल्या मार्तचं वय त्यात दिसतच नाही. नुसतं समोर बसून असं चित्र होत नाही, ताई. आणि त्याला कुणी विचारलं नाही की बाबा रे, कधी तिची पाठ चोळून दिलीस का?

विचारायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. म्हणा.

राहिलं ‘राबतेय’. आमचं लग्न झालं तेव्हा डोंबिवलीत दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सहा माणसं. कागद पसरायला जागा एकच, स्वयंपाकाचा ओटा, तोही रात्री साडेदहानंतर. ही भांडी उरकायची, ओटा पुसून फडक्याने कोरडा करायची, मग मी बसायचो. एकही दिवस ओटा ओला राहिला नाही. हे तुमच्या ‘राबतेय’मध्ये कुठे बसवणार? संसार कशाला म्हणतात हे कळायला थोडी वर्षं जावी लागतात, एवढंच म्हणतो.

पातेल्याचं मात्र मान्य. तोंडाचं लंबवर्तुळ चुकलंय. चित्रकलेच्या मास्तराकडून हे व्हायला नको होतं, आभारी आहे.

रंग मळकट, कारण आमची खिडकी डक्टमध्ये उघडते, उजेडच तसा. विषय तेच तेच, कारण भाजी रोज लागते. वहिनींना विचारलं का? विचारलं. ‘मला काय कळतंय त्यातलं’ म्हणाली, म्हणजे हरकत नाही. गुडघ्याला तेल लावतानाचं तेवढं नको म्हणाली होती. ते इथे टाकलं होतं, पण दोन दिवसांत काढूनही घेतलं. विषय संपला.

पुढच्या आठवड्यात मटार. मटार मी सोलतो, तुमच्या माहितीसाठी. चित्रात दिसणार नाही, कारण काढणारा मीच.