ग्लास फिरवा, मान हलवा

वाइन चाखायला शिकायचं ठरवलंत? अभिनंदन. आता सगळ्यात आधी ‘मस्त आहे’ म्हणायची सवय मोडा. तर्री-पोह्याला मस्त म्हणतात. वाइनला म्हणायचं, ‘हं… इंटरेस्टिंग.’

ग्लास गरगर फिरवा. काचेवरून जे ओघळ उतरतात, त्यांना ‘लेग्ज’ म्हणतात. ते अल्कोहोल उडून जाताना तयार होतात, वाइनच्या दर्जाशी त्यांचा संबंध नाही. पण धरमपेठेतल्या गच्चीवर हे सांगून कुणाची संध्याकाळ खराब करू नका.

मग वास. हुंगा, डोळे मिटा आणि म्हणा, ‘ब्लॅककरंट!’ हे फळ तुम्हाला आइस्क्रीमच्या कपाबाहेर कधी भेटलेलं नाही, म्हणून तर म्हणायचं. खरं तर जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी आखडते तशीच ती रेड वाइननं आखडते. दोन्हीकडे कारण एकच, टॅनिन. पण जांभूळ म्हणालात की संपलात, ते टोपलीत मिळतं. संत्र्याबद्दल तर अवाक्षर नको. आंबिया बहार की मृग बहार, हे एका फोडीत ओळखणाऱ्या नागपुरी माणसानं इथे फक्त ‘सिट्रस’ म्हणायचं असतं.

बिअर त्यामानानं सोपी. गव्हाच्या बिअरला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो असं बिनधास्त सांगा. तो खरंच येतो, यीस्टची करामत आहे. (तासाभरापूर्वी खर्रा खाल्ला असेल तर कशालाच कसलाही वास येणार नाही, तरी सांगा.)

चूक होईल अशी भीती वाटते? बोर्दोच्या विद्यापीठात वाइनशास्त्र शिकणाऱ्या ५४ जणांना पांढरी वाइन लाल रंग घालून दिली होती. २००१ साली तो प्रयोग छापून आला. पोरांनी त्या पांढऱ्या वाइनचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. ती तर फ्रेंच पोरं, तुम्ही कशाला घाबरता?

रेड वाइन ‘रूम टेम्परेचर’ला प्यावी, हा नियम मात्र कसोशीनं पाळा. ज्या खोल्यांवरून तो आला, त्या युरोपातल्या, सोळा-अठरा अंशांच्या. तुमची खोली मे महिन्यातली, बाहेर पारा ४५, कूलरमधलं पाणी दुपारीच आटलेलं. हरकत नाही, नियम म्हणजे नियम. उघडलेली बाटली शोकेसमध्ये, पितळी गणपतीशेजारी ठेवा. पंधरा दिवसांनी अमरावतीचे मामा आले की त्यातूनच त्यांना ओता आणि समजावून सांगा, ‘मामा, ॲसिडिटी बघा कशी उठून आली आहे. फिनिश किती लांब आहे!’

मामा एक घोट घेतील, ग्लास खाली ठेवतील.

‘काऊन बे, सिरका पाजून राहिला का?’

त्यांना म्हणा, ‘हं… इंटरेस्टिंग.’